कॅमेऱ्याआडचा शिष्य

शिष्याने गुरूच्या दृष्टीस पडणे हे विद्येचे अंग आहे काय, हा प्रश्न आम्हांस पडला तो कोणत्या ग्रंथामुळे नव्हे, गुडघा दुखू लागल्यामुळे.

हैदराबादेत नारायणगुड्याची मेट्रो ७ फेब्रुवारी २०२० रोजी सुरू झाली आणि दीड महिन्यात टाळेबंदीने थांबलीही. व्यायामशाळांना कुलपे लागली. त्या दिवसांत मुलीच्या आग्रहावरून आम्ही एरोबिक नृत्याच्या ऑनलाइन वर्गात नाव घातले. संगीताच्या ठेक्यावर हातपाय सतत हलवीत राहावयाचे, म्हणजे हृदयास व फुप्फुसांस श्रम घडतात, एवढेच या नृत्याचे प्रयोजन. १९६९ साली जॅकी सोरेन्सन या अमेरिकन बाईंनी ते पोर्तो रिको येथे सुरू केले.

देवघराशेजारच्या खोलीत, या वयात नाचताना कोणी पाहू नये म्हणून आम्ही कॅमेरा बंद ठेविला. एकलव्यासही द्रोण पाहत नव्हते, अशी मनाची समजूत घातली. वस्तुतः एकलव्य स्वतः द्रोणांकडे गेला होता व नाकारला गेला होता. आम्हांस मात्र शिकविणाऱ्या बाई रोज विचारीत, "काका, कॅमेरा लावता का?"

आमची लज्जा खरी होती, परंतु तिच्या आड आळसही बसला होता. चार उड्या चुकवून खुर्चीत टेकलो, तरी शेवटी "छान केलंत सगळ्यांनी" ही शाबासकी आम्हीही घेत असू. न केलेल्या श्रमाची शाबासकी घेणे यास चोरी म्हणावे की नाही? आणि न पाहिलेल्या शिष्यास ती देणाऱ्याचे काय? एकत्र कुटुंबातील एखादी सून संकोचाने कॅमेरा बंद ठेवील, तिला आम्ही दोष देणार नाही. आमच्यापाशी तशी सबब नव्हती.

गुडघा दुखला तेव्हा कॅमेरा उघडला. दोन मिनिटांत बाई म्हणाल्या, "उडीवरून उतरताना गुडघा आत वळतोय. पावलाच्या रेषेत ठेवा. आज उडी नको, नुसतं पाऊल टाका." चित्र थोडे विलंबाने पोचत असल्यामुळे आमचा ठेका त्यांना नेहमीच चुकलेला दिसतो, त्याबद्दल त्या काही बोलत नाहीत.

हल्ली आम्ही कॅमेरा कमरेखाली रोखून ठेवितो. बाईंची त्यास हरकत नाही. मात्र, चेहरा दिसल्याखेरीज धाप किती लागली ते कळत नाही, असे त्यांनी दोनदा सुचविले आहे.