पापनिवेदनाची गुप्तता आणि पीडित मूल

पापनिवेदनात, म्हणजे कॅथलिक व्यक्ती धर्मगुरूपुढे पापे कबूल करून ईश्वराची क्षमा मागते त्या संस्कारात, ऐकलेले उघड करणारा धर्मगुरू चर्चच्या कायद्यानुसार आपोआप बहिष्कृत होतो. तरीही बालकांवरील लैंगिक अत्याचारांची माहिती अधिकाऱ्यांना कळवण्याच्या बंधनातून या गुप्ततेला सूट नसावी, अशी शिफारस ऑस्ट्रेलियातील अशा अत्याचारांची चौकशी करणाऱ्या शाही आयोगाने 2017 मध्ये केली आणि व्हिक्टोरिया राज्याने 2019 मध्ये तसा कायदाही केला. गुप्तता नसेल तर अत्याचारी कबुलीच देणार नाही, हा चर्चचा युक्तिवाद वजनदार खरा, पण त्यात पापी आणि ईश्वर एवढे दोनच पक्ष गृहीत धरलेले असतात. शिवाय कधी पीडित मूलच, स्वतःला दोषी समजून, पापनिवेदनाच्या जाळीपलीकडे बसलेल्या धर्मगुरूला आपल्यावरील अत्याचार सांगते, असे आयोगासमोर आले. तिथे मुळात पापच नसल्याने गुप्ततेचे समर्थन फारच लंगडे पडते.