बुडाशी असलेले काटे

भिवापूर म्हटलं की मिरची, हे ठरलेलंच. पण इथून जवळच उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्य आहे. जंगलाचा विषय निघाला की मला परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळ आठवतात. जन्म १९४२ चा, पुण्यातला. हार्वर्डला डॉक्टरेट, आणि १९७३ पासून तीसेक वर्षं बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत अध्यापन. मोठी कारकीर्द, पण मला भावते ती त्यांची बांबूची हकिगत.

कर्नाटकात बांबू का संपतोय, हे शोधायचं काम त्यांच्याकडे आलं. वनखात्याची तेव्हाची रीत अशी, की बेटाच्या बुडाशी असलेलं काटेरी जाळं साफ करायचं, म्हणजे कोंब जोमानं वाढतील. गावकऱ्यांचं म्हणणं उलट होतं: काटेच कोंबांची राखण करतात, ते काढले की गुरं आणि रानातली जनावरं कोवळे कोंब फस्त करतात. गाडगीळांनी जंगलात मोजमाप केलं, आणि गावकरी खरे ठरले! प्राध्यापकानं गुराख्याचं ऐकायचं, तेही शास्त्र म्हणून. त्या काळी हे सोपं नव्हतं. बांबू संपण्यामागे आणखी एक गोष्ट होती: कागद गिरणीला तोच बांबू टनाला दीड रुपयात मिळे, बुरडाला मात्र बाजारभावानं घ्यावा लागे.

गावकऱ्यांच्याच हाती बांबू आल्याचं उदाहरण पुढे आपल्याच विदर्भात घडलं: गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला. नंतर तिथला बांबू ग्रामसभेनं स्वतः विकला.