फायली तीन, घर एकच

६ सप्टेंबर २०२३ रोजी राज्य सरकारने नऊ खासगी संस्थांमार्फत कंत्राटी मनुष्यबळ घेण्याचा शासन निर्णय काढला आणि २० ऑक्टोबरला तो मागे घेत असल्याचे जाहीर केले. मधल्या दीड महिन्यात स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी मुले रस्त्यावर उतरली, कंत्राटी भरतीत आरक्षणाचे काय, हा रास्त प्रश्न विचारला गेला, आणि याची सुरुवात कुणाच्या सरकारने केली यावर दोन्ही बाजूंनी एकमेकांकडे बोट दाखवले. विरोध जिंकला. पण तो मुख्यतः नोकरीसाठीचा विरोध होता. नोकरी मागण्यात कमीपणा काहीच नाही. तरी सरकारी जागा ज्याच्यासाठी निर्माण होते, तो माणूसच वादातून गळाला की विरोध कितीही मोठा झाला तरी लंगडा राहतो.

त्याच दीड महिन्यात आणखी दोन गोष्टी घडल्या. २१ सप्टेंबरला शिक्षण आयुक्तांनी २० किंवा त्याहून कमी पटाच्या शाळांऐवजी समूह शाळा उभारण्याचे प्रस्ताव मागवले. अशा शाळा राज्यात सुमारे १५ हजार. महिनाअखेरीस नांदेडच्या शासकीय रुग्णालयात २४ तासांत २४ रुग्ण दगावले, त्यांत १२ नवजात बालके होती. पाठोपाठ छत्रपती संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयातल्या मृत्यूंचीही चर्चा झाली. उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली आणि रिक्त पदे व औषधखरेदीबाबत सरकारला विचारणा केली. रुग्ण शेवटच्या घटकेला, अत्यवस्थ होऊन येतात, असे सरकारचे म्हणणे होते. ते खोटे मानायचे कारण नाही. मात्र ते उशिरा का येतात, याचा माग काढू लागलो तर तो पुन्हा गावाजवळच्या दवाखान्याशीच जाऊन पोचतो.

अजिंठ्याच्या डोंगररांगेतल्या एखाद्या वाडीतले घर डोळ्यांपुढे आणावे. पट कमी म्हणून शाळा हलली, तर मुलीला एसटी लागणार. मुलींना बारावीपर्यंत मोफत पास आहे, पण पास म्हणजे गाडी नव्हे. फर्दापूरच्या टी पॉइंटवरून लेणीकडे जाणाऱ्या एसटीला प्रवासी मिळतात. वाडीच्या फेरीला दहा माणसे मिळत नाहीत, म्हणून ती तोट्यात. याच घरातल्या ७५ वर्षांवरच्या आजीला ऑगस्ट २०२२पासून प्रवास फुकट आहे, पण जवळ डॉक्टर नसेल तर घाटी शंभरेक किलोमीटरवर. शिक्षण खाते, आरोग्य खाते आणि परिवहन महामंडळ, तिघांचेही हिशेब आपापल्या फायलीत चोख. वाचलेला पैसा मात्र काळी-पिवळीच्या भाड्यात, बुडालेल्या रोजात आणि शेवटी मुलीच्या थांबलेल्या शिक्षणात वसूल होतो. हा खर्च कोणत्याच अर्थसंकल्पात छापून येत नाही, म्हणून तो झालाच नाही असे आपण धरून चालतो.

विरोध करणारेही असेच खात्याखात्यांत वाटले गेले आहेत. मार्च २०२३मध्ये सरकारी कर्मचारी जुन्या पेन्शनसाठी सात दिवस संपावर होते. त्याआधी २०२१च्या ऑक्टोबरअखेरीपासून २०२२च्या एप्रिलपर्यंत एसटी कर्मचाऱ्यांनी शासनात विलीनीकरणासाठी संप केला. चालक-वाहकांच्या तुटपुंज्या पगाराचे दुखणे खरे होते. पण त्या महिन्यांत झळ बसली ती याच वाडीला. संघटनेने आपल्या सभासदांचे पाहावे, हे ठीकच. वाडीचे कुणी पाहायचे? ग्रामसभेत रस्त्या-गटारांचे ठराव होतात. रिकाम्या जागेबद्दल, बंद झालेल्या फेरीबद्दल तितक्याच हट्टाने ठराव का होऊ नये, हे मला उमगलेले नाही.

पैसा आणायचा कुठून, हा आक्षेप टाळता येत नाही. वेतन, निवृत्तिवेतन आणि व्याज यांत राज्याच्या महसुलाचा मोठा वाटा जातो, हे उघड आहे. पण कंत्राटी माणूस स्वस्त पडतो तो बहुतेक वेळा त्याच्या सुरक्षिततेची किंमत कापून; त्याला काटकसर म्हणणे जरा धाडसाचेच. दुसरा आक्षेप कामचुकारपणाचा. कर्मचारी जागेवर सापडत नाहीत, हा अनुभव लोकांनी मनाने रचलेला नाही. पण जो येत नाही त्याला जाब विचारावा. जागाच पुसून टाकली तर जाब विचारायला कुणी उरत नाही.

सर्वांत वजनदार आक्षेप छोट्या शाळांबद्दलचा आहे. चार-पाच मुलांत ना खेळ रंगत, ना एकमेकांकडून शिकणे होत. मोठी शाळा मुलांना अधिक देऊ शकते, हे मला मान्य आहे. म्हणूनच क्रम महत्त्वाचा. आधी जूनमध्ये गाडी वाडीच्या तोंडाशी येऊन उभी राहावी, श्रावणातल्या झडीतही चुकू नये, आणि वर्षाअखेरीस पटावरची एकही मुलगी गळालेली नसावी. मग खुशाल कुलपाचा विषय काढावा. तोवर पट पाचाचा असला तरी गुरुजी तिथेच हवेत.