दोर धरणाऱ्याचा वाटा

23 मार्च 1875 रोजी 'चॅलेंजर' या इंग्रज जहाजावरून पॅसिफिक महासागरात, मारियाना बेटांच्या बाजूला, दोर सोडला गेला. 4475 फॅदम, म्हणजे आठ हजार मीटरांहून अधिक खाली गेल्यावर तो तळाला टेकला. त्या घळीतल्या सर्वांत खोल जागेला पुढे या जहाजाचेच नाव मिळाले. हे मी वर्गात दरवर्षी सांगतो. पण 'दोर सोडला गेला' या वाक्यात जो कोणी दडून बसला आहे, त्याच्याविषयी अलीकडे मला पुष्कळ विचार करावासा वाटतो. कर्मणी प्रयोग शिकवताना आम्ही मास्तर सांगतो की, येथे कर्ता मागे सरतो आणि कर्म पुढे येते. शास्त्रीय ग्रंथांची भाषा बहुतेक या प्रयोगातच चालते. खोली मोजली गेली, गाळ वर काढला गेला, पाण्याचे नमुने घेतले गेले. वाचताना वाटावे की समुद्र आपण होऊनच हे सारे करीत होता.

चॅलेंजरवर दोनशेहून अधिक माणसे होती आणि त्यांत शास्त्रज्ञांची तुकडी सहाजणांची. साडेतीन वर्षांची सफर, आणि तिचा अहवाल पन्नास जाड खंडांचा. खलाशांपैकी साठाच्या आसपास माणसे वाटेतल्या बंदरांत पळून गेली. रोज तेच; दोर सोडा, दोर ओढा, वर आलेला चिखल धुऊन पुसून काढा. मुठीएवढ्या चिखलासाठी आख्खा दिवस का जावा, हे त्यांतल्या किती जणांना कोणी समजावून सांगितले असेल?

माझा प्रश्न येथून सुरू होतो. ज्याच्या हाताने ज्ञान वर येते, पण ज्याला ते वाचता येत नाही, त्याचा त्या ज्ञानात वाटा आहे की नाही? आणि असेल तर तो कोणत्या रूपाने चुकवायचा?

हा प्रश्न मला सुचला तो पुस्तकातून नव्हे. नवीन पनवेलला आमच्या इमारतीत तळमजल्यावर एक निवृत्त सारंग राहतात. मूळचे दापोलीकडचे; लहानथोर सारे त्यांना चाचाच म्हणतात. सारंग म्हणजे डेकवरच्या खलाशांचा मुकादम. त्याच्या हाताखाली टंडेल, आणि मग खलाशी. कोकणातल्या कितीतरी घरांनी पिढ्यानपिढ्या जगाच्या बोटींना ही माणसे पुरवली. चाचांची उमर मालवाहू बोटींवर गेली, पण मध्यंतरी काही खेपा त्यांनी समुद्रसंशोधनाच्या जहाजावर केल्या. ते म्हणतात, "मास्तर, मालाची बोट कुठंतरी पोचते. ही कुठंच पोचायची नाही. भर दर्यात थांबायची, पाणी भरायची नि पुढं जायची. पहिल्या खेपेला मला वाटलं, पाणीच भरायचं तर धक्क्यावर भरलं असतं!"

आपल्याकडे या कामाला तसा फार मोठा इतिहास नाही. 1962 ते 1965 या काळात आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेत आपल्या नौदलाची 'किस्तना' ही युद्धनौका शास्त्रज्ञांच्या दिमतीला दिली होती. त्या मोहिमेतून 1 जानेवारी 1966 रोजी राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था जन्मली. तिचे ठाणे गोव्याला, दोना पावलाला आहे. 1976 साली तिला 'गवेषणी' मिळाली, 1983 साली जर्मनीत बांधलेली 'सागर कन्या' देशात आली, आणि 2014 साली 'सिंधु साधना'. गवेषणीने 26 जानेवारी 1981 रोजी समुद्रतळावरचे धातूंचे गोळे प्रथम वर आणले. बटाट्याएवढे, काळे, मँगनीजचे. त्या गोळ्यांच्या बळावर 1987 साली मध्य हिंदी महासागरातल्या दीड लाख चौरस किलोमीटर तळावर भारताचा हक्क नोंदला गेला. पुन्हा 'नोंदला गेला'. त्या प्रजासत्ताकदिनी विंचच्या दांडीवर कोणाचा हात होता, हे ती गोष्ट सांगताना कोणी सांगत नाही.

या हाताचे काम नीट पाहिले पाहिजे, म्हणजे प्रश्न नुसता हळहळण्याचा राहत नाही. जुन्या पद्धतीत तारेला ठरावीक अंतरावर पितळी बाटल्या बांधून खाली सोडीत. मग तारेवरून एक पितळी वजन घरंगळत सोडायचे. ते बाटलीवर आपटले की बाटली उलटी होऊन बंद व्हायची, आणि त्या खोलीचे पाणी व तापमान आत कोंडले जायचे. किती खोल, हे तार मोजणाऱ्या चाकावरून ठरायचे. आता चाकावर 500 आले असता डोळ्यांवर झोप असलेल्या माणसाने 480 लाच थांबवले तर? पहाटे तीनला, जहाज डोलत असताना, कोण बघायला आहे? विज्ञानाने यावर युक्ती काढली होती. जोडीला एक उघडा तापमापक बांधायचा. पाण्याच्या दाबाने त्याचा पारा जास्त चढतो, आणि दोघांतल्या फरकावरून खरी खोली काढता येते. ही युक्ती मुख्यतः तार प्रवाहाने तिरकी होते म्हणून निघाली, हे मला समजते. तरी मला ती कळली तेव्हा आमच्या परीक्षेतल्या पर्यवेक्षकाची आठवण झाली, हेही खरे.

पण सगळ्यावर पर्यवेक्षक ठेवता येत नाही. समुद्राच्या पाण्यातल्या शिशाचे, जस्ताचे, लोखंडाचे 1970 च्या दशकापूर्वीचे पुष्कळसे आकडे पुढे टाकून द्यावे लागले, कारण त्यांत समुद्र थोडा होता आणि जहाजाचा गंज, तारेचे वंगण, हाताची घाण हीच जास्त होती. मोठमोठ्या विद्वानांचे गणित चुकले नव्हते. चूक डेकवर होती, आणि ती चूक आहे हेच डेकवर कोणाला ठाऊक नव्हते. याचा अर्थ असा की सत्य हे फक्त प्रयोगशाळेत राहत नाही. कोणी बाटलीचे तोंड कोणत्या चिंध्याने पुसले, येथपर्यंत ते पसरलेले असते.

यावर आपल्याकडचे ठरलेले उत्तर आहे. खलाशाने आपले कर्म करावे, फळावर नजर ठेवू नये. निष्काम कर्माची थोरवी मी नाकारीत नाही. परंतु हा उपदेश कोण कोणाला करतो, हे बघावे लागते. 1932 साली विनोबांनी धुळ्याच्या तुरुंगात गीतेवर प्रवचने केली आणि साने गुरुजींनी ती उतरून घेतली. तेथे सांगणारा आणि ऐकणारे एकाच भिंतीच्या आत होते. ज्याच्या घरी फळांची पाटी जाणार आहे, त्याने झाडावर चढणाऱ्याला निष्कामता शिकवणे ही निराळी गोष्ट. ती मला धर्मापेक्षा व्यवहाराच्या जवळची वाटते.

मग नाव द्यावे काय? शोधनिबंधाच्या शेवटी 'जहाजाचे कप्तान व कर्मचारी यांचे आभार' अशी ओळ बऱ्याचदा असते. तीत पंचवीस नावे घातली म्हणून काय होईल? चाचांना नावाची हौस नाही. त्यांच्या कपाटात अंगठ्याएवढा एक थर्मोकोलचा पेला आहे. असा पेला जाळीच्या पिशवीत घालून तारेबरोबर खोल सोडला की दाबाने आवळून बाहुलीच्या भांड्याएवढा होऊन वर येतो. संशोधनजहाजांवरचा हा जुना खेळ आहे. त्यावर त्यांनी शाईने आपल्या मुलीचे नाव लिहिले होते, तेही तितकेच बारीक झाले आहे. मुलगी आता पन्नाशीकडे आली. "कागदात नाव येऊन काय करायचं मास्तर, हे तर तळाला जाऊन आलंय," असे ते म्हणतात, आणि मला यावर उत्तर सुचत नाही.

नाव नको, पण एक गोष्ट त्यांना देणे लागते असे मी मानतो. आणि ती म्हणजे अर्थ. तुम्ही काय वर आणलेत, हे सांगणे. 'सांगितल्याने काम सुधारते' म्हणून नव्हे. सुधारत असेलही, पण मग ते बैलाला पेंड घालण्यासारखे झाले. ज्याच्या प्रामाणिकपणावर माझे सत्य उभे आहे, त्याला त्या सत्याबाहेर ठेवणे हीच मला एक तऱ्हेची अप्रामाणिकता वाटते. मी स्वतः मॅट्रिकपर्यंत शिकलेला मास्तर. पृथ्वीचे वय, ताऱ्यांची अंतरे, सारे दुसऱ्यांनी वर काढलेले पाणी मी मुलांच्या ओंजळीत घालतो. मीही एका अर्थी खलाशीच. फरक एवढाच की मला बाटलीवरची चिठ्ठी वाचून दाखवलेली आहे.

चाचांना ती एकदाच कोणी वाचून दाखवली. एका सफरीत एक तरुण संशोधक बाई होत्या. त्यांनी जेवणाच्या खोलीत जुन्या नकाशाच्या पाठीवर अरबी समुद्राचा उभा छेद काढला आणि सांगितले की, सुमारे दीडशे मीटरांपासून हजार मीटरांपर्यंतच्या पाण्यात प्राणवायू जवळजवळ नाही. खाली पुन्हा आहे. चाचा म्हणाले, "म्हणजे मधले मजले बिनहवेचे!" बाटलीतून प्राणवायूचा नमुना सर्वांआधी का काढायचा, त्यात बुडबुडा का चालत नाही, हे त्या दिवशी समजले. दुसऱ्या दिवसापासून जहाज थांबलेले असताना भंडाऱ्याने खरकट्याची बादली त्या बाजूला ओतली, तर खलाशीच त्याच्यावर ओरडू लागले.

सगळ्यांना यात गोडी होती असे नाही. चार तासांची पाळी, वर जादा काम. काहीजण बाई बोलत असताना बाकावरच झोपले. चाचा त्यांना दोष देत नाहीत आणि मीही देत नाही. कागद मात्र सफर संपेपर्यंत भिंतीला होता, त्यावर कालवणाचे डाग पडले. एके दिवशी कोणीतरी त्या बिनहवेच्या मजल्यांत पेन्सिलीने एक मासा काढून ठेवला. चाचांना वाटले, आता बाई रागावणार. बाईंनी विचारले, हा कोणी काढला? विंचवरचा एक पोरगा पुढे आला. तो म्हणाला, त्या खोलीतून दिवसा जाळे ओढले तर बारके चमकणारे मासे त्यात येतात; रात्री त्या खोलीत कमी आणि वरच्या पाण्यात पुष्कळ. म्हणजे दिवसा ते तिथेच राहत असणार. बाईंनी मासा खोडला नाही. बरोबर आहे, असे काही मासे खरोखरच दिवसा तिथे लपतात आणि रात्री वर चरायला येतात, एवढे सांगून त्यांनी त्याच्या हातातली पेन्सिल घेतली आणि बाजूला आणखी दोन मासे काढले.