नववा प्रश्न

एका तालुक्याच्या गावी एक कॉलेज होतं. कॉलेजच्या मागच्या अंगाला रसायनशास्त्राची प्रयोगशाळा होती आणि तिथे एक सर वीस वर्षं पहिल्या वर्षाच्या मुलांना शिकवत होते. सर वेळेचे पक्के होते, विषयाचे जाणकार होते, मुलांवर कधी ओरडत नसत. एकच गोष्ट त्यांना सोसेनाशी झाली होती. दरवर्षी मुलं नवी यायची आणि प्रश्न तेच जुने विचारायची.

पावसाळा सरायच्या आत कुणीतरी विचारायचंच, ‘‘सर, मोल म्हणजे नक्की काय?’’ सर सांगायचे, ‘‘डझन म्हणजे बारा, तसा मोल म्हणजे ६.०२२ गुणिले १० चा २३वा घात.’’ लगेच मागच्या बाकावरून यायचं, ‘‘एवढे कण मोजले कुणी?’’ सुरुवातीच्या वर्षांत सर यावर खुलून बोलत. एकेक करून कुणीच मोजले नाहीत, खुद्द आवोगाद्रोनेही नाही. तो १८५६ मध्ये वारला आणि त्या संख्येला त्याचं नाव पेरँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने दिलं ते १९०९ मध्ये. हे ऐकून मुलं हसत, सरही हसत. पुढे पुढे सर नुसती संख्या फळ्यावर लिहू लागले.

मग बाकीचे प्रश्न यायचे. पाण्यात आम्ल ओतायचं की आम्लात पाणी? समीकरण जुळवताना पाण्याच्या सूत्रातला खालचा दोन का बदलायचा नाही? ब्युरेट द्रावणाने खंगाळायची, मग शंकूपात्र नुसत्या पाण्याने का? पिपेटच्या टोकाशी राहिलेला थेंब फुंकून काढायचा का?

एका उन्हाळ्याच्या सुट्टीत सरांनी हे सगळे प्रश्न आठवून काढले. बारा भरले. सरांनी मोठ्या कागदावर सुवाच्य अक्षरात प्रश्न आणि खाली उत्तरं लिहिली, प्रत्येकाला क्रमांक दिला आणि प्रयोगशाळेतल्या मामांकडून तो तक्ता भिंतीवर लावून घेतला. तक्त्यातलं एकही उत्तर चुकीचं नव्हतं, हे आधीच सांगून ठेवतो.

तेव्हापासून काम सोपं झालं. कुणी विचारलं की सर वर न बघता तक्त्याकडे बोट करायचे आणि म्हणायचे, ‘‘सातवा.’’ किंवा, ‘‘तिसरा.’’ मूल जायचं, वाचायचं, परत जागेवर यायचं. दोन-तीन वर्षांत विचारणंच थांबलं. प्रॅक्टिकलच्या तासाला काचेची किणकिण तेवढी ऐकू यायची. सरांना वाटलं, तक्ता चांगलाच लागू पडला.

त्या वर्षी दिवाळीची सुट्टी संपली आणि पहिलंच प्रॅक्टिकल अनुमापनाचं होतं. शंकूपात्रात पिपेटने १० मिलिलिटर ऑक्झॅलिक आम्ल घ्यायचं, फिनॉल्फ्थॅलीनचे दोन थेंब टाकायचे आणि वर लावलेल्या ब्युरेटमधून सोडियम हायड्रॉक्साइड थेंबथेंब सोडायचं. फिका गुलाबी रंग आला की थांबायचं. टेबलांवरच्या बाटल्यांवर चिठ्ठ्या होत्या, ०.१ नॉर्मल. आम्लही तेवढ्याच तीव्रतेचं. म्हणजे दहाला दहा लागायला हवे होते.

खिडकीजवळच्या टेबलावर एक मुलगी होती. लांबच्या खेड्यातून एसटीने यायची, फारसं बोलायची नाही. तिचा रंग आला. तिने पात्र तोंडाजवळ धरून हलवत निरखून पाहिलं, तर रंग विरत गेला. तिने पात्र तसंच पांढऱ्या फरशीवर ठेवलं आणि हात मागे घेतला, तेव्हा तो जरा जास्त टिकला. पुन्हा वाकून पाहिलं, पुन्हा गेला. ती सरांकडे गेली.

‘‘सर, माझा रंग जातोय.’’

‘‘नववा,’’ सर म्हणाले.

तिने तक्त्याशी जाऊन वाचलं. ‘गुलाबी रंग ३० सेकंद टिकला की पुरे. नंतर गेला तरी लक्ष देऊ नये.’ ती परत आली. तिचं रीडिंग १०.६ आलं होतं. तिने पुन्हा केलं, १०.६. तिसऱ्यांदाही १०.६. शेजारचा मुलगा हळूच म्हणाला, ‘‘दहा लिही. सगळे दहाच लिहितात.’’ तिने १०.६ लिहिलं.

सरांनी जर्नल तपासली. सगळ्यांचं १०.०, एकीचं १०.६. त्यांनी लाल शाईने खूण केली आणि म्हटलं, ‘‘डोळा द्रावणाच्या पातळीत ठेवलास का? पाचवा वाच आणि पुन्हा कर.’’

तास संपला, मुलं गेली, ती थांबली. चौथ्यांदा केलं. १०.६. मग ती जर्नल छातीशी धरून सरांच्या टेबलापाशी उभी राहिली.

‘‘सर, एक विचारू? बाटलीवर ०.१ लिहिलंच आहे. मग आपण काढतोय काय?’’

सरांचं बोट सवयीने तक्त्याकडे उचललं गेलं आणि मधेच थांबलं. हा प्रश्न बारांत नव्हता. ‘‘उद्या बघू,’’ ते म्हणाले. ‘‘तुझी गाडी चुकेल.’’

ती गेल्यावर मामा बादली घेऊन आले. बत्तीस वर्षं ते या प्रयोगशाळेत काचसामान धूत होते. सर अजून बसलेलेच आहेत हे पाहून ते घुटमळले.

‘‘सर, एक बोलू का? पोरांच्या वहीत दहा येतं, असं म्हणतात. पण पोरं शून्यापासनं सुरू करतात आणि जिथं थांबतात तिथं सोडून जातात. रिकामी मीच करतो ना. आज दहावर उभी असलेली एक पण ब्युरेट नाही.’’

सर उठले. ते एकेका स्टँडपाशी वाकले. १०.३. १०.९. १०.६. १०.४. नऊ ब्युरेटी होत्या आणि दहावर खरंच एकही थांबली नव्हती.

त्यांनी खिडकीजवळची बाटली उचलली. तिच्या तोंडाभोवती पांढरी खरपुडी धरली होती, नखाने खरवडली की निघणारी. बाटली अर्धीच भरलेली होती.

‘‘या कधी भरल्या, मामा?’’

‘‘दिवाळीच्या आधी. रबरी बुचं सगळी तडकली होती. मागणी लिहून दिली होती, आली नाहीत. काचेचं बूच या द्रावणाला चालत नाही, अडकून बसतं, हे तुम्हीच सांगितलेलं. मग कागदाचे बोळे लावले.’’

सर काही बोलले नाहीत. सोडियम हायड्रॉक्साइड हवेतला कार्बन डायऑक्साइड पितं, हे ते वीस वर्षं फळ्यावर लिहीत आले होते. त्याचा काही भाग सोडियम कार्बोनेट होतो आणि द्रावणाची धार कमी होते. सुट्टीचे तीन आठवडे बाटल्या हवा पीत बसल्या होत्या, कुठली थोडी कमी, कुठली थोडी जास्त. मुलीच्या बाटलीचा हिशेब त्यांनी कागदाच्या कपट्यावर केला. ०.१ नव्हे, ०.०९४.

मग त्यांना नववा प्रश्न आठवला. त्यांनी एका पात्रात पाणी घेतलं, फिनॉल्फ्थॅलीन टाकलं, ब्युरेटमधून एक थेंब सोडला. पात्र गुलाबी झालं. काचेची नळी बुडवून त्यांनी हळूच फुंकर घातली. दोन-तीन फुंकरींत पाणी नितळ झालं. मुलीचा रंग नेणारा आणि बाटली कमजोर करणारा एकच होता. दुपारी ती त्याचीच खबर घेऊन आली होती.

मामांनी ब्युरेटींना हात घातला. सर म्हणाले, ‘‘आज धुवू नका.’’

‘‘कॉक अडकतील, सर.’’

‘‘एक रात्र अडकू देत.’’

दुसऱ्या दिवशी सरांनी वर्गाला प्रयोगशाळेत बोलावलं. ते एवढंच म्हणाले, ‘‘आपापल्या ब्युरेटपाशी जा आणि काय दिसतं ते मोठ्याने वाचा.’’ मुलं गेली. एकाने १०.३ म्हटलं आणि मान खाली घातली. दुसऱ्याने १०.९ म्हटलं. मग कुणी वाचेना.

‘‘मग दहा कुठून आलं?’’ सरांनी विचारलं. आवाज चढलेला नव्हता.

बराच वेळ कुणी बोललं नाही. शेवटी एक मुलगा म्हणाला, ‘‘सर, सीनियरच्या जर्नलमध्ये दहा होतं.’’

‘‘आणि ते तू खरं मानलंस?’’

‘‘त्यावर तुमची सही होती, सर.’’

सरांनी खुर्ची ओढली आणि ते बसले. त्यांनी आदल्या दिवशीचा प्रश्न वर्गाला सांगितला. कुणी विचारला होता, हे सांगितलं नाही, पण सगळ्यांनी खिडकीकडे पाहिलंच. सर म्हणाले, ‘‘सोडियम हायड्रॉक्साइड कितीही काळजीपूर्वक तोला, ते हवेतला ओलावा घेतं, कार्बन डायऑक्साइड घेतं. त्याच्या चिठ्ठीवर विश्वास ठेवता येत नाही, म्हणून तर हा प्रयोग. ऑक्झॅलिक आम्लाचे खडे मात्र नेमके तोलता येतात, म्हणून त्याला साक्षीला घ्यायचं. दहा लिहिणाऱ्याने प्रयोग केला नाही, चिठ्ठी उतरवून काढली.’’ थोडं थांबून ते म्हणाले, ‘‘आणि मी ती तपासून बरोबर म्हटली.’’

मुलीच्या जर्नलमधल्या लाल खुणेशेजारी त्यांनी सही केली. मामांनी त्या दिवशी दोन अडकलेले कॉक सरांना मुद्दाम आणून दाखवले.

गोष्ट एवढीच. तक्त्यातलं उत्तर बरोबर होतं, आणि तरी त्याने काम बिघडवलं. वीस वर्षं ऐकून ऐकून सरांना तो प्रश्न झिजल्यासारखा वाटला, आणि त्यात त्यांची फार चूक होती असं मला वाटत नाही. वीस वर्षं एकच गोष्ट ऐकून कुणाचाही कान बधिर होईल. पण प्रश्न जुना असला तरी बाटली यंदाची होती, आणि त्या बाटलीचं कुणाला काही कळलं असेल, तर ते त्या जुन्या प्रश्नाच्या तोंडूनच.

तक्ता सरांनी काढला नाही. पुढच्या वर्षी रबरी बुचं आली. दिवाळीनंतर तेच प्रॅक्टिकल लागलं आणि एक मुलगा पात्र हातात घेऊन सरांकडे आला.

‘‘सर, रंग जातोय.’’

सरांचं बोट भिंतीकडे निघालं होतं. ते त्यांनी वळवून टेबलावरच्या काचेच्या नळीकडे नेलं. नळी मुलाच्या हातात दिली.

‘‘फुंक,’’ ते म्हणाले. ‘‘ओढू नकोस, नुसता फुंक.’’

मुलाने फुंकलं. रंग गेला. त्याने पात्र उजेडात धरून पाहिलं आणि म्हणाला, ‘‘आता परत आणता येईल का?’’

सर बाजूला सरकले आणि त्यांनी त्याला ब्युरेटपाशी जागा करून दिली.