कोणाशी इमान?

आयर्लंडमधल्या टिपरेरीच्या सपाट, हिरव्या रानात चुनखडीचा एक खडक एकदम वर उठलेला दिसतो. माथ्यावर दगडी कॅथेड्रल, शेजारी उंच गोल मनोरा. हा कॅशेलचा खडक, मन्स्टर प्रांताच्या राजांचं जुनं ठाणं. ११०१ साली मुर्खर्तख ओब्रायन या राजाने तो चर्चला दान दिला. त्यानंतर साडेपाचशे वर्षांनी, सप्टेंबर १६४७ मध्ये, त्याच ओब्रायन कुळातला एक सेनापती इंग्लंडच्या पार्लमेंटची फौज घेऊन खडकाखाली येऊन उभा राहिला. गावातली माणसं आणि धर्मगुरू शिबंदीबरोबर वर आश्रयाला गेले होते. सैनिकांनी तटाला पीटचे ढीग लावले. पीट म्हणजे दलदलीतून कापून वाळवलेलं इंधन. आयरिश घरातली चूल त्यावर पेटायची, थंडीत म्हातारीकोतारी त्याच्याभोवती बसायची. ते ढीग पेटले, धूर आणि धग आत शिरली आणि मग हल्ला झाला. आठशे ते हजार माणसं मारली गेली, त्यातली कित्येक कॅथेड्रलच्या आत. मेलेल्यांत थिओबाल्ड स्टेपलटन नावाचा एक विद्वान धर्मगुरू होता. साध्या माणसाला वाचता यावी म्हणून त्याने १६३९ साली ब्रसेल्समध्ये आयरिश भाषेतली धर्म-प्रश्नोत्तरी छापून घेतली होती.

सेनापतीचं नाव मुरो ओब्रायन, इंचिक्विनचा सहावा बॅरन. आयरिश भाषेने त्याला ‘मुरखा ना दोत्यान’ हे नाव दिलं. मुरो, आगी लावणारा.

या माणसाची हकीकत मी पहिल्यांदा वाचली तेव्हा निवाडा करायला मला क्षणाचाही वेळ लागला नव्हता. १६४२ मध्ये तो राजाचा सेनापती होता. १६४४ मध्ये राजाविरुद्ध लढणाऱ्या पार्लमेंटकडे गेला. १६४८ मध्ये पुन्हा राजाकडे आला, आणि तेही ज्या कॅथलिक लोकांची गावं जाळली त्यांच्याच मांडीला मांडी लावून. पुढे फ्रान्समध्ये स्वतःच कॅथलिक झाला. गद्दार, दुसरं काय? पण वाचत गेलो तसा तो शब्द हातात टिकेना. एखाद्याला गद्दार ठरवायचं तर त्याने इमान कोणाशी राखायला हवं होतं, हे आधी सांगता आलं पाहिजे. १६४० च्या दशकातल्या आयर्लंडमध्ये नेमकं तेच सांगणं अवघड होतं. ‘निष्ठा’ या शब्दाचा अर्थ त्या दहा-बारा वर्षांत जितका फिरला, तितकी माणसंही फिरली नसतील. मुरोचं आयुष्य मला आता त्या फिरणाऱ्या अर्थाची वही वाटतं.

सुरुवात त्याच्या जन्माच्या खूप आधी होते. १५४३ साली त्याचा पूर्वज, तोही मुरो ओब्रायनच, समुद्र ओलांडून ग्रीनिचला आठव्या हेन्रीच्या दरबारात गेला. आपल्या थॉमंड या मुलखाच्या राजेपणाचा हक्क त्याने राजापुढे सोडला आणि तीच जमीन अर्ल ऑफ थॉमंड व बॅरन इंचिक्विन या किताबांसह राजाकडून परत घेतली. आपल्याकडच्या वाचकाला हा व्यवहार चटकन समजेल: वतन तेच, सनद नवी. या व्यवहारापूर्वी गेलिक मुलखातली निष्ठा कुळाशी होती. सरदार कुळातून निवडला जाई आणि जमीन कुळाची मानली जाई. नव्या सनदेने जमीन एकट्या माणसाची झाली, थोरल्या मुलाकडे जाऊ लागली, आणि निष्ठेचं टोक खालच्या माणसांकडून वरच्या राजाकडे वळलं. त्यात करार होता, श्रद्धा नव्हती. तरी ओब्रायन घराण्याने करार पाळला. मुरोचे आजोबा १५९७ मध्ये एर्न नदीच्या उतारावर एलिझाबेथ राणीच्या बाजूने, गेलिक सरदारांविरुद्ध लढताना पडले.

मुरोचा जन्म १६१४ चा. दहा वर्षांचा असताना वडील गेले. राजाच्या सनदेवर जमीन धरणाऱ्याचा वारस अज्ञान असला की त्याचं पालकत्व राजाकडे जाई, आणि या व्यवस्थेचा उपयोग कॅथलिक घरांतली मुलं प्रॉटेस्टंट करण्यासाठी होत असे. ब्रायन बोरू या जुन्या आयरिश राजाच्या वंशातला हा मुलगा असाच प्रॉटेस्टंट झाला. पुढे मन्स्टरचा लॉर्ड प्रेसिडेंट सर विल्यम सेंट लेजर याची मुलगी एलिझाबेथ त्याने केली. लॉर्ड प्रेसिडेंट म्हणजे साधारणपणे त्या प्रांताचा सुभेदार. कज्जे आणि फौज दोन्ही त्याच्या हाती. लग्नानंतर मुरो इटलीत जाऊन स्पेनच्या फौजेत युद्धकला शिकला. प्रॉटेस्टंट असून कॅथलिक राजाच्या चाकरीत. त्या काळी याचं कोणाला नवल वाटत नसे. तलवार हा धंदा होता.

ऑक्टोबर १६४१ मध्ये उत्तरेच्या अल्स्टर प्रांतात कॅथलिकांचा उठाव झाला आणि सगळी घडी विस्कटली. मला थक्क करते ती गोष्ट वेगळीच: उठाव करणारे राजाच्या नावानेच उठले होते. उठावाचा पुढारी फेलिम ओनील याने तर नोव्हेंबरमध्ये राजाच्या शिक्क्याचं फर्मान दाखवलं, जे बनावट होतं. पुढच्या वर्षी किलकेनीत कॅथलिकांनी आपलं सरकार उभारलं. त्याच्या ब्रीदवाक्यात देव, राजा आणि आयर्लंड देश हे तिन्ही एका ओळीत होते. तिकडे इंग्लंडमध्ये पार्लमेंट चार्ल्स राजाशी लढत होतं, तेही ‘राजा आणि पार्लमेंट’ यांच्या नावाने. म्हणजे प्रत्यक्ष राजा एक आणि राजेपण वेगळं. त्या राजेपणासाठी राजावर तोफ डागता येते, हा विचार आता रणांगणावर आला. एकाच राजाच्या नावाने तीन फौजा एकमेकींवर चालून जात होत्या.

खर्चाची बाजूही बघायला हवी. मार्च १६४२ मध्ये लंडनच्या पार्लमेंटने कायदा करून सावकारांकडून पैसा उभारला. तारण होतं पंचवीस लाख एकर आयरिश जमीन, जी अजून जिंकायची होती. लढाई संपण्याआधीच हरणाऱ्याची जमीन विकली गेली. अशा युद्धात तडजोडीला जागा उरत नाही, कारण तडजोड झाली तर सावकाराचं कर्ज बुडतं.

सासरा १६४२ च्या जुलैत वारला आणि तिशी न गाठलेल्या मुरोच्या हाती मन्स्टरची फौज आली. त्याच उन्हाळ्याच्या अखेरीस लिस्कॅरलला त्याने मोठी लढाई जिंकली. पण पगार नाही, दाणा नाही, दारूगोळा नाही. सप्टेंबर १६४३ मध्ये राजाने कॅथलिकांशी युद्धबंदी केली. इथली फौज त्याला इंग्लंडमध्ये हवी होती. मुरोने मन मारून ती मान्य केली, काही पलटणी पाठवल्याही. १६४४ च्या सुरुवातीला तो स्वतः ऑक्सफर्डला राजाकडे गेला आणि सासऱ्याची जागा मागितली. ती अर्ल ऑफ पोर्टलंडला देऊन झाली होती.

जुलैमध्ये मुरोने राजाला कळवलं की पार्लमेंटशी समेट करावा, आणि तो पार्लमेंटच्या बाजूला गेला. कॉर्कमधून कॅथलिक रहिवाशांना बाहेर काढलं. पार्लमेंटने त्याला हवी ती जागा दिली.

रागाने गेला, असं म्हणणं सोपं आहे, आणि राग होताच. पण युद्धबंदीने मन्स्टरमधल्या प्रॉटेस्टंट वसाहतवाल्यांच्या पोटात गोळा उठला होता, हेही तितकंच खरं. कॉर्क, यॉल, किन्सेल या बंदरांतली ही माणसं दोन वर्षं मुरोच्या तलवारीमागे जगत होती. राजा दूर होता, आणि ज्यांची त्यांना धास्ती होती त्यांच्याशीच तो तह करत होता. मुरोने निष्ठा कुठे ठेवली, असं मला विचाराल तर मी म्हणेन, मन्स्टरमध्ये. मन्स्टरवरच्या स्वतःच्या हुकमतीत आणि त्या हुकमतीवर जगणाऱ्या माणसांत. बाकी सगळं त्या जागेवरून मोजलं जात होतं.

पण त्या निष्ठेच्या तळाशी एक भयंकर विसंगती होती. ऑक्टोबर १६४४ मध्ये पार्लमेंटने हुकूम काढला की इंग्लंडमध्ये किंवा समुद्रावर सापडलेल्या, आयर्लंडात जन्मलेल्या कॅथलिक शिपायाला जीवदान द्यायचं नाही. अशा पार्लमेंटचा मन्स्टरमधला हात होता एक ओब्रायन, आयरिश नाव आणि आयरिश रक्त असलेला. लंडनला त्याच्यावर पुरता विश्वास कधीच बसला नाही. १६४७ मध्ये पार्लमेंटने पाठवलेला लॉर्ड लाईल आला आणि त्याला बाजूला सारू पाहू लागला. आपली बाजू खरी आहे हे सतत सिद्ध करावं लागणारा माणूस इतरांपेक्षा जास्त क्रूर होतो की काय, हा प्रश्न कॅशेलपाशी मला सोडत नाही. शंकेतून आलेली क्रूरता असेल, थकलेल्या पगारापोटी लुटीची मोकळीक असेल, किंवा निव्वळ दहशत. यातलं कोणतंही कारण कॅथेड्रलमधल्या एकाही मृताच्या बाजूने बोलत नाही. माणूस समजला म्हणून त्याचं कृत्य हलकं होत नाही. नोव्हेंबरमध्ये नॉकनानसला त्याने कॅथलिकांची मन्स्टरमधली फौजही मोडली, आणि तरी लंडनहून पैसा आला नाही.

३ एप्रिल १६४८ रोजी तो पुन्हा राजाचा झाला. मे महिन्यात किलकेनीच्या कॅथलिकांशी त्याचा तह झाला. पोपचा वकील रिनुचिनी याने तो तह मानणाऱ्या सगळ्यांना धर्मबहिष्कृत केलं. कॅशेलच्या राखेवर हात मिळवणं त्याला पाप वाटलं, आणि त्याच्या जागी बसून बघितलं तर त्याचं चूक म्हणवत नाही. पण त्याच्या बहिष्काराने कॅथलिकांचे दोन तुकडे झाले. कॅथलिक सेनापती ओवेन रो ओनील रिनुचिनीकडे राहिला. कित्येक वर्षं फ्लँडर्समध्ये स्पेनसाठी लढलेला, बेनबर्बची लढाई जिंकलेला, धर्मावरची निष्ठा कधीही न बदललेला हा माणूस. आणि तरी बघा काय झालं. जानेवारी १६४९ मध्ये राजाचं डोकं उडवलं गेलं. त्या वर्षी उन्हाळ्यात हाच ओनील पार्लमेंटचा सेनापती जॉर्ज मंक याच्याशी करार करून त्याच्याकडून दारूगोळा घेत होता. दारूगोळा घेऊन निघालेली ओनीलची माणसं वाटेत कोणी कापून काढली? मुरोने, आता कॅथलिकांच्या दोस्त फौजेतून. मंकच्या शिपायांनीच मग डंडॉक मुरोच्या स्वाधीन केलं. न बदललेला माणूस राजा मारणाऱ्यांच्या बाजूला होता, आणि दोनदा बदललेला राजाच्या.

ऑगस्टमध्ये पार्लमेंटचा सेनापती क्रॉमवेल आयर्लंडमध्ये उतरला. ऑक्टोबरात कॉर्कची शिबंदी मुरोला सोडून क्रॉमवेलकडे गेली, पाठोपाठ यॉल आणि किन्सेल. ज्यांच्यासाठी १६४४ मध्ये त्याने राजा सोडला होता, त्याच माणसांनी आता त्याला सोडलं, आणि तेही त्याच्याच हिशेबाने: जो आपल्याला वाचवू शकतो, त्याचे आपण. या घटनेनंतर दोन-तीन महिन्यांत पार्लमेंटने सगळ्या प्रौढ पुरुषांकडून एक कबुली मागितली, की राजा आणि लॉर्डांच्या सभागृहाशिवाय जे राज्य आज उभं आहे त्याच्याशी आपण प्रामाणिक राहू. त्या कबुलीत देव किंवा वंश काही नव्हतं, फक्त ‘आज उभं आहे’ एवढंच. १६५१ मध्ये थॉमस हॉब्जने ‘लेव्हायथन’मध्ये याचीच मांडणी केली: आज्ञापालन टिकतं ते संरक्षण टिकतं तोवर. तत्त्वज्ञानाच्या इतिहासात हा विचार हॉब्जच्या नावावर आहे. कॉर्कच्या वेशीवरच्या पहारेकऱ्यांनी तो दोन वर्षं आधी जगून दाखवला होता, भुकेल्या पोटी.

डिसेंबर १६५० मध्ये मुरो फ्रान्सला निघून गेला. तिथे दुसऱ्या चार्ल्सने त्याला अर्ल केलं, फ्रेंच फौजेतून तो कॅटलोनियात लढला, आणि पुढे कॅथलिक झाला. हे धर्मांतर ढोंग होतं असं मला वाटत नाही. त्यातून त्याला मिळालं काहीच नाही. गेलं मात्र बरंच. पत्नी प्रॉटेस्टंटच राहिली, मुलाला कोणत्या धर्मात वाढवायचं यावरून दोघांत कायमचं वितुष्ट आलं. १६६० मध्ये पोर्तुगालकडे जाताना अल्जीरियन चाच्यांनी बाप-लेकाला पकडलं. त्या झटापटीत मुलाचा डोळा गेला. सुटून परतला तोवर राजेशाही परत आली होती. जमीन मिळाली, पण मन्स्टरचं प्रेसिडेंटपद नाही, कारण तो आता कॅथलिक होता. ते गेलं रॉजर बॉइलकडे, ज्याने १६४९ मध्ये मन्स्टरच्या शिबंद्या क्रॉमवेलकडे वळवल्या होत्या.

इथे निष्ठेचा अर्थ शेवटचं वळण घेतो. १६६३ मध्ये डब्लिनला दाव्यांचं न्यायालय बसलं. जप्त झालेली जमीन परत हवी असलेल्या कॅथलिकांनी तिथे आपण ‘निर्दोष’ होतो हे सिद्ध करायचं होतं: अमुक वर्षी कुठे राहत होता, कोणत्या सभेत बसला होता, कोणत्या तहाला मान हलवली होती. तलवार म्यान झाली आणि निष्ठा साक्षीपुराव्यांत गेली. माणसाने आयुष्यभर एकाच बाजूला असायला हवं होतं, ही मागणी मला तिथे पूर्ण आकारात दिसते. ज्या वर्षांत कोणतीच बाजू आयुष्यभर एक राहिली नव्हती, त्या वर्षांना ती मागाहून लावली गेली. आज आपण मुरोला जो प्रश्न विचारतो, तो त्या न्यायालयाचा प्रश्न आहे.

१६७४ च्या सप्टेंबरात तो वारला. मृत्युपत्रात फ्रान्सिस्कन साधूंसाठी देणगी होती. त्याच्या इच्छेप्रमाणे लिमरिकच्या सेंट मेरी कॅथेड्रलमध्ये त्याला पुरलं. तेही ओब्रायन राजानेच बाराव्या शतकात बांधलेलं. लोक सांगतात की रात्री गावकऱ्यांनी शवपेटी उचलून शॅनन नदीत टाकली. सनदा, शपथा, तह, दावे यांतलं त्याचं बहुतेक सगळं आता फक्त अभ्यासकांना माहीत आहे. ज्या भाषेत त्याचं कूळ जन्मलं, तिने मात्र त्याला ठेवून घेतलं. एखादा माणूस भीतीने पांढरा पडून घरी आला की आयरिशमध्ये म्हणायचे, याने मुरोला पाहिलं, नाहीतर मुरोच्या शेजारचं झुडूप तरी.