मुकी व्याधी



आपला मूळ पळसदेव गाव भीमेच्या पोटात गेला. उजनी धरणाचे पाणी चढले आणि पळसनाथाचे प्राचीन मंदिरही त्यात बुडाले. भर पाण्याच्या दिवसांत होडीतून जाणाऱ्या परक्याला, खाली एवढे देवालय आहे, हे सांगून पटत नाही. दुष्काळी वर्षी पाणी फार ओसरले म्हणजे ते सबंध उघडे पडते. तरुण माणसाच्या अंगातला वाढलेला रक्तदाब असाच असतो. बहुधा डोके दुखत नाही, चक्कर येत नाही, भूक-झोप ठीक; मग आपण म्हणतो, मला काय झालंय?

हे मी पोथीतून सांगत नाही. माझ्या हातून जे घडले ते सांगतो.

आमच्या दिंडीत एक टाळकरी होता, वय अवघे ३१. गळ्यात माळ, एकादशी कधी चुकली नाही. तंबाखूची तेवढी चिमूट सुटली नव्हती. दिवसा उसाचे पाणी, रात्री कारखान्यावर पाळी. सप्ताहात आरोग्य केंद्राच्या सिस्टरताईंनी सहज त्याच्या दंडाला पट्टा बांधला, तो वरचा आकडा १६८ आणि खालचा १०४! मीच म्हणालो, "ताई, मशीन बिघडलं असेल." पुढे निराळ्या दिवशी पुन्हा मोजला, तसाच. डॉक्टरांनी गोळी सुरू केली. दोन महिन्यांनी तो पाया पडून विचारू लागला, "महाराज, आता दाब बरोबर आहे. गोळी सोडू का?" मी म्हणालो, "अरे, तुझ्या वयाला गोळ्या कसल्या? हरिपाठ कर, पांडुरंग सांभाळील." न्यायशास्त्र पढलेला मी, कारण आहे तोवर कार्य, हे मुलांना शिकवणारा! गोळीमुळे दाब उतरला होता, आणि मी गोळीच काढून घेतली. कार्तिकीच्या आधी एका पहाटे त्याची उजवी बाजू गेली, वाचा अडखळली.

त्यानंतर मी डॉक्टरांपाशी बसून विद्यार्थी झालो. आपल्या शेतकऱ्यास ही गोष्ट समजणे सोपे आहे. धरणाच्या फुगवट्यावर मोटार बसवून आपण दूरवर पाइपलाइन नेतो. पुढचा व्हॉल्व्ह आवळला की जोर पाइपावर येतो आणि एखाद्या दिवशी कुठल्याशा जोडावर ती फुटते. हृदय ही मोटार. ते आकुंचन पावते तेव्हाचा वरचा आकडा, सैल पडते तेव्हाचा खालचा. १२०/८० च्या आत उत्तम. निरनिराळ्या वेळी मोजून १४०/९० किंवा त्यावर राहिला तर रोग समजावा. मेंदू, हृदय, मूत्रपिंड, डोळे, सर्वांवर तो उतरतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील पंधरा वर्षांवरील पुरुषांत शेकडा २४ आणि स्त्रियांत शेकडा २१ जणांना ही व्याधी आढळली. म्हणजे ही म्हातारपणाची ठेव राहिली नाही.

कारणांत पहिले मीठ. भगवंतांनी गीतेच्या सतराव्या अध्यायात अतिखारट, अतितिखट अन्न राजस म्हटले, आणि ते रोग देणारे असेही सांगितले. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते, म्हणजे जेमतेम चहाचा सपाट चमचा. त्यात भाजी, भाकरी, लोणचे, पापड सगळे आले. आणि आमची एकादशी पाहा! खिचडी, खारे शेंगदाणे, बटाट्याचे वेफर्स. कोणी टोकले तर उत्तर तयार, "महाराज, सैंधव आहे, चालतं." बाबांनो, सैंधव उपवासाला चालत असेल, पण तेही मीठच. जिभेची एकादशी आपण अजून धरली नाही.

बाकीचे थोडक्यात. तंबाखू आणि मिसरी, दारू, वाढते पोट, मोटारसायकलवरून न उतरणारे पाय, मोडलेली झोप, मधुमेह; आणि घराण्यात असेल तर अधिक जपावे. फार कोवळ्या वयात दाब वाढला तर डॉक्टर मूत्रपिंडही तपासून घेतात. गरोदर लेकीसुनांचा दर तपासणीला मोजावा, त्यात हयगय नको.

वारीत चालणे घडते हे चांगलेच, पण गोळ्या घरी फडताळात ठेवून माणसे निघतात. पालखीच्या वाटेवर आरोग्य खात्याची पथके असतात, तेथे हात पुढे करायला लाज कसली? माझाही १५२ निघाला. आता वीण्याच्या तारांशेजारी पेटीत गोळ्यांची पट्टी असते. गोळी घेतल्याने नामावरचा विश्वास उणा होत नाही.

परवा त्या टाळकऱ्याच्या घरी गेलो होतो. टाळ खुंटीला आहेत. बोलणे बरेचसे सुटले, उजवी मूठ मात्र वळत नाही. मी हात जोडले तर म्हणाला, "असं करू नका, महाराज. धाकट्याचा मोजून बघा." धाकटा २६ चा, दारातच उभा होता, हसत होता. सिस्टरताईंना बोलावून पट्टा बांधवला. १४६/९४. सोमवारी त्याला मीच घेऊन जाणार आहे.